थायलंडमध्ये नेमके काय खावे, आणि शाकाहारी माणसाने काय विचारून खावे?

मधली_सुट्टी

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये आम्ही चौघे नऊ दिवसांसाठी थायलंडला जात आहोत. पाच दिवस बँकॉक आणि चार दिवस चिआंग माय असा बेत आहे. तिकिटे आणि हॉटेले नवऱ्याने पाहिली असून खाण्याचे खाते माझ्याकडे आले आहे. अडचण अशी, की आमच्या चार जिभा चार दिशांना आहेत. नवरा सर्व काही खातो, मी फक्त मासे खाते, दहा वर्षांच्या मुलाला तिखट अजिबात सोसत नाही आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत.

सहल कंपनीबरोबर जाऊन आलेल्या मंडळींनी 'रोज पंजाबी जेवण मिळते, काळजी करू नका' असा धीर दिला. परंतु नऊ दिवस पनीर खायचे असेल, तर चार-साडेचार तास विमानात बसून जायचे कशाला, हे मला समजत नाही. जिकडे तिकडे पद थाई, म्हणजे परतलेल्या शेवया, आणि ग्रीन करी ही दोनच नावे वाचायला मिळतात. त्यापलीकडचे, चुकवू नयेत असे पदार्थ कोणते, ते कुठे खावेत आणि सासूबाईंसाठी काय विचारून घ्यावे, हे अनुभवी सभासदांनी सांगितल्यास फार मदत होईल.

सोडे_सुकट

तुम्ही मासे खाता म्हणून सर्वांत आधी सोम टम सुचवतो. 'सोम' म्हणजे आंबट आणि 'टम' म्हणजे कुटणे. हा मूळचा ईशान्येकडचा, म्हणजे ईसान भागातला आणि शेजारच्या लाओसमधला पदार्थ असून आता तो देशभर मिळतो. कच्च्या पपईची कोशिंबीर म्हटले तर चूक नाही, पण तेवढ्याने त्याची कल्पना येत नाही. हातगाडीवरची बाई मातीच्या खोल उखळात आधी लसूण आणि मिरच्या ठेचते. मग ताडगूळ, चवळीच्या शेंगांचे बोटभर तुकडे, टोमॅटो, लिंबाचा रस आणि नाम प्ला, म्हणजे माशांचे खारवलेले पाणी, आत पडते. एका हातात लाकडी मुसळ आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा चमचा असतो. मुसळ खाली येते तेव्हा चमचा बाजूचे मिश्रण वर आणतो आणि ही लय बिघडत नाही. शेवटी पपईचा कीस घालून हलकेच कुटतात, कारण पपई चेचली गेली तर तिचा करकरीतपणा जातो.

त्यात वाळवलेली कोळंबीही घालतात. माझे बालपण अलिबागजवळ गेल्यामुळे पहिल्याच घासाला मला घरच्या सोड्यांची आठवण झाली. मात्र 'थाई' प्रकार मागावा. 'लाओ' प्रकारात प्ला रा हे आंबवलेल्या माशाचे दाट पाणी असते आणि त्याचा वास पहिल्या भेटीत सर्वांनाच मानवतो असे नाही. मिरच्या किती घालायच्या, हे बाई आधी विचारते. तेव्हा मर्दुमकी दाखवू नये.

लवंगी_मिरची

मी ती मर्दुमकी दाखवली होती. 'आम्ही कोल्हापूरचे' असे मनाशी म्हणून मी पाच बोटे वर केली आणि त्यानंतरचा अर्धा तास नळीने शहाळ्याचे पाणी ओढण्यात गेला. तिथल्या बारक्या मिरचीच्या नावाचा अर्थ 'उंदराची लेंडी' असा होतो, हे मला नंतर समजले. आकारावरून कुणाला कमी लेखू नये, हे तेव्हा कळले असते तर बरे झाले असते.

पिंपळपार

मी नोकरीनिमित्त तीन वर्षे बँकॉकमध्ये होतो आणि घरात दोन शाकाहारी माणसे होती, म्हणून सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

थाई स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही मासा असतो, हे आधी लक्षात घ्यावे. मिठाचे काम बहुतेक ठिकाणी नाम प्ला करते. भाज्या परतताना कालवांचे सॉस घालतात. करीच्या वाटणात कपी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, कुटलेला असतो. त्यामुळे 'ग्रीन करी, चिकनऐवजी टोफू' असे सांगितल्यावर समोर येते ती टोफू घातलेली कोळंबीच्या वाटणाची करी. एका चांगल्या, टापटीप उपाहारगृहात आम्ही महिनाभर हीच करी शाकाहारी समजून खात होतो. एक दिवस माझ्या आईने वास ओळखला आणि आचाऱ्याने हसतमुखाने कपीचा डबा आणून दाखवला. त्याच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखे काहीच नव्हते.

यासाठी दोन शब्द पाठ करून जावेत. पहिला 'मांगसविरात' हा आपलाच, मांस आणि विरती यांपासून झालेला शब्द आहे. पण त्यात अंडी आणि दूध चालते आणि नाम प्लाबद्दल विक्रेत्याची समजूत काय आहे, याची खात्री देता येत नाही. दुसरा शब्द 'जे' हा चिनी परंपरेतून आलेला आहे. जे म्हटले की मांस, मासे, अंडी, दूध आणि नाम प्ला सर्व वर्ज्य. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे दिसली, की ते दुकान जे पदार्थांचे आहे असे समजून निर्धास्तपणे आत जावे. तुमच्या सासूबाईंसाठी हा दुसरा शब्द अधिक उपयोगाचा आहे.

जाता जाता सांगतो, अन्नाला तिथे 'आहान' म्हणतात. हा आपला आहारच आहे.

उपास_तिपास

पिंपळपार यांच्या माहितीत थोडी भर घालते. जे जेवणात कांदा आणि लसूणही वर्ज्य असल्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची उत्तम सोय होते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत तिथे जे व्रताचा उत्सव असतो आणि तो बहुधा आपल्या नवरात्राच्याच दिवसांत येतो. फुकेतचा उत्सव तर प्रसिद्धच आहे, पण बँकॉकच्या याओवारात या चिनी पेठेतही त्या काळात रस्ताभर पिवळ्या पताका लागलेल्या असतात. थोडक्यात, जे म्हणजे आपल्या जैन जेवणासारखेच झाले.

पिंपळपार

@उपास_तिपास, शेवटचे वाक्य कृपया तसे ठेवू नये. जेमध्ये बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळे चालतात. जैन प्रवासी 'जे' या शब्दावर विसंबून राहिला, तर त्याच्या पानात पहिला मुळाच येईल.

उपास_तिपास

दुरुस्ती मान्य आहे. माझ्या डोक्यात केवळ कांदा-लसूण होते, कंदमुळांचा विचार मी केलाच नव्हता.

अनवट

धाग्याचा विषय शाकाहाराकडे पूर्ण वळण्याआधी मला पद थाईबद्दल बोलायचे आहे. हा पदार्थ टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. पर्यटकांच्या रस्त्यांवर मिळणारे पद थाई गोड, चिकट आणि टोमॅटो सॉस घातल्यासारखे लालसर असते. थाई माणसे दुपारच्या सुट्टीत काय खातात ते पाहावे. ती पद कप्राओ खातात. बारीक चिरलेले किंवा खिमा केलेले मांस लसूण-मिरचीत कडक आचेवर परतून त्यात मूठभर पाने टाकतात आणि वाफाळत्या भातावर वाढून वर कडा कुरकुरीत झालेले तळलेले अंडे ठेवतात. काय खायचे ते सुचत नसेल, तर हे मागवायचे, इतका तो तिथल्या अंगवळणी पडलेला पदार्थ आहे. मधली_सुट्टी यांच्या यजमानांसाठी माझी पहिली शिफारस हीच राहील.

जुने_दप्तर

अनवट यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. वाईट पद थाई वाईटच असते, पण त्यावरून पदार्थाला नाव ठेवणे म्हणजे स्टेशनवरचा वडा खाऊन बटाटेवड्याला नाव ठेवण्यासारखे आहे.

या पदार्थाचा इतिहासही मोठा रंजक आहे. तव्यावर परतलेल्या शेवया हा मुळात चिनी स्थलांतरितांचा प्रकार. 1938 साली पंतप्रधान झालेल्या फिबून सोंगखराम यांनी राष्ट्रवादाची मोहीम हाती घेतली, 1939 साली सयामचे नाव थायलंड केले आणि त्याच काळात लोकांनी शेवया खाव्यात असा सरकारी प्रचार झाला. चिंच, ताडगूळ आणि नाम प्ला यांची चव दिलेल्या या तांदळाच्या शेवयांच्या नावातच मग 'थाई' आले. राष्ट्रीय पदार्थ सरकारी उत्तेजनाने घडल्याची अशी उदाहरणे थोडी असतील.

चांगले पद थाई ओळखण्याची खूण सांगतो. शेवया सुट्या असाव्यात, रंग चिंचेचा तपकिरी असावा, लाल नसावा, आणि सोबत मोडांची कच्ची मटकी असावी तसे मुगाचे लांब मोड, केळफुलाचा तुकडा आणि लिंबाची फोड स्वतंत्र यावी. दाण्याचे कूट, साखर आणि तिखट आपल्या हाताने घालायचे असते. मुलासाठी हा पदार्थ अगदी योग्य आहे, कारण तिखट वरून घालायचे असल्याने ते टाळता येते.

वृंदावन

अनवट यांनी 'मूठभर पाने' म्हणून जे सोडून दिले आहे, ते मी स्पष्ट करतो. कप्राओ म्हणजे आपली तुळसच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही तीच जात. ग्रीन करीत घालतात ती होरफा नावाची पाने वेगळी असतात आणि त्यांना बडीशेपेसारखा वास येतो. माझे वडील माळकरी होते. त्यांना मी बँकॉकला घेऊन गेलो असता, कढईतल्या डुकराच्या खिम्यात तुळस पडताना पाहून ते काही वेळ बोललेच नाहीत. नंतर शांतपणे म्हणाले, "तिला तरी काय माहीत, ती कुठं उगवलीय." सासूबाई सोबत असतील, तर नवऱ्याने पद कप्राओ दुसऱ्या टेबलावर खावे.

मधली_सुट्टी

@वृंदावन, वडिलांचे वाक्य मी घरात वाचून दाखवले आणि सासूबाईंना ते फार आवडले. पद कप्राओ त्यांच्या समोरच खाण्यास त्यांनी परवानगी दिली आहे. चिआंग मायबद्दल मात्र अजून कुणीच लिहिलेले नाही.

डोंगरवाट

चिआंग मायला गेल्यावर खाओ सोय खाल्ल्याशिवाय परतू नये. अंड्याच्या चपट्या शेवया, नारळाच्या रसातली हळद आणि कोरड्या मसाल्यांची पातळ करी, त्यात कोंबडीची तंगडी किंवा गोमांस, आणि वर त्याच शेवया तळून ठेवलेल्या असतात. सोबतच्या बशीत मोहरीच्या पाल्याचे लोणचे, कच्चे छोटे कांदे, लिंबू आणि तेलात परतलेले तिखट येते. मऊ शेवई, कुरकुरीत शेवई आणि आंबट लोणचे एका घासात आले पाहिजे, त्यामुळे लोणचे शेवटी खाऊ म्हणून बाजूला ठेवू नये. या पदार्थाचा संबंध युन्नानहून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या चिनी मुसलमान व्यापाऱ्यांशी जोडला जातो. बान हॉ मशिदीच्या परिसरातल्या गल्लीत तो आजही उत्तम मिळतो.

दुसरा पदार्थ नाम प्रिक नुम. लांब हिरव्या मिरच्या, लसूण आणि कांदे निखाऱ्यावर भाजून, साले काढून कुटलेले असतात. सोबत उकडलेल्या भाज्या, चिकट भात आणि डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी देतात. भाताचा छोटा गोळा बोटांनी दाबून त्यावर हे चाटण घ्यायचे असते.

लवंगी_मिरची

हा तर ठेचा झाला. ठेचा खायला चिआंग मायपर्यंत जाण्यापेक्षा मी आजीकडे गडहिंग्लजला गेलो, तर भाकरीही मिळेल.

डोंगरवाट

@लवंगी_मिरची, ठेच्याचा भाऊच आहे. फरक इतकाच, की ठेच्यात तेल-मीठ असते आणि इथे पुष्कळदा नाम प्ला किंवा आंबवलेला मासा असतो. म्हणून सासूबाईंनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

सोडे_सुकट

टॉम यम कुंग हे नाव अजून कुणी कसे घेतले नाही, याचे नवल वाटते. 2024 साली युनेस्कोने त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. 1997 साली आशियात जे आर्थिक संकट आले, त्याला तिथे याच सूपाचे नाव पडले आहे. गवती चहाचे देठ, कुळिंजन, मकरूट नावाच्या खडबडीत लिंबाची पाने, मिरच्या आणि कोळंबी असे हे आंबट-तिखट सूप पातळ किंवा दूध घालून दाटसर, अशा दोन प्रकारांत मिळते. माझा कल पातळाकडे आहे, कारण दूध घातल्यावर गवती चहाचा सुगंध दबतो. आपण गवती चहाची पात वापरतो आणि ते बुंधा वापरतात, एवढाच भेद.

सूपातले देठ, कुळिंजनाच्या चकत्या आणि पाने खायची नसतात. आमटीतले आमसूल बाजूला काढतो, तसे काढून ठेवावे. माझ्या सोबतच्या गृहस्थांनी कुळिंजन हा बांबूचा कोंब समजून चिकाटीने चावून संपवला आणि थाई भाज्या फार चिवट असतात असा निष्कर्ष काढला.

मांडवीकाठ

आम्ही गोव्याचे असल्यामुळे आमचे लक्ष गोड पदार्थांकडे आधी जाते. बँकॉकच्या बाजारात सोनेरी सुतासारख्या गुंड्या दिसतात, त्यांना फोई थोंग म्हणतात. अंड्याचा पिवळा बलक उकळत्या पाकात धारेने सोडून त्या केलेल्या असतात. हा पोर्तुगीज वारसा आहे. सतराव्या शतकात अयुथ्थया इथे राहणाऱ्या, जपानी-पोर्तुगीज वंशाच्या मारिया ग्युओमार दे पिन्या या बाईकडे अशा मिठायांचे श्रेय परंपरेने दिले जाते. लुक चुप नावाची मुगाच्या डाळीची इवलीशी रंगीत फळे पाहिली, तेव्हा मला आमच्या नाताळातल्या काजूच्या मार्झिपानची आठवण झाली. मार्झिपान म्हणजे मुळात बदामाच्या पिठाची मिठाई. त्यांनी बदामाऐवजी मूग घेतले, आम्ही काजू घेतले.

सासूबाईंनी फोई थोंग टाळावे, कारण ते अंड्याचेच आहे. लुक चुपवरची चकाकी आगर या समुद्री शेवाळाची असते, जिलेटिनची नव्हे. तरीही विचारून घ्यावे.

आमराई

आंब्यांचे दिवस आहेत, म्हणून खाओ निआओ मामुआंग पहिल्या दिवसापासून खावे. रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ वाफवून, गरम असतानाच गोडसर नारळाच्या रसात मुरवतात. शेजारी नाम डॉक माय जातीच्या आंब्याच्या फोडी, वर खारट नारळाचा दाट रस आणि भाजलेली कुरकुरीत मूगडाळ. आपल्या नारळीभाताला जी गोष्ट सुचली नाही ती ही, की नारळात मीठ घातल्याने आंब्याची गोडी उठून दिसते. सासूबाईंना हा पदार्थ निःशंकपणे देता येईल.

अनवट

मामुआंग चांगला आहे, पण त्याला हापूसशेजारी बसवू नये.

आमराई

@अनवट, माझी देवगडला सव्वाशे कलमे आहेत, त्यामुळे मला पक्षपाताचा पूर्ण अधिकार आहे. तरीही सांगतो, या पदार्थात हापूस चालत नाही. मी घरी करून पाहिले आहे. हापूसचा स्वाद इतका जोरकस असतो, की नारळ आणि भात यांना बोलायला जागाच उरत नाही, आणि फोडीही भाताबरोबर विरघळून जातात. नाम डॉक माय मवाळ आणि घट्ट गराचा असल्यामुळे तिथे शोभतो.

पिंपळपार

एप्रिल म्हटल्यावर एक सूचना करणे आवश्यक आहे. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असते. शब्द आपल्या संक्रांतीचाच सखा आहे. त्या दिवसांत बँकॉकमधले पुष्कळ गाडीवाले आणि छोटे हॉटेलवाले गावी जातात, त्यामुळे ठरवून गेलेले दुकान बंद आढळण्याचा संभव असतो. ते दिवस चिआंग मायमध्ये पडत असतील, तर तिथे पाण्याचा खेळ जोरात असतो आणि वाडगा हातात घेऊन रस्त्यावर खाणे हे धाडस ठरते.

मधली_सुट्टी

आम्ही परवा परतलो. सर्वांचे मनापासून आभार मानून जे घडले ते सांगते.

'जे' हा शब्द आमच्या फार कामी आला. बँकॉकमध्ये दोन ठिकाणी पिवळी पताका पाहून आत गेलो आणि सासूबाईंनी टोफू, मशरूम आणि भोपळ्याची करी पोटभर खाल्ली. चिआंग मायला जे पद्धतीचे खाओ सोयही मिळाले. मुलाने पाच वेळा पद थाई खाल्ले आणि त्याला टेबलावरच्या साखरेच्या वाटीचा शोध लागल्यावर आम्ही ती दूर ठेवू लागलो. मी सोम टम दोनच मिरच्यांचे खाल्ले. नवऱ्याने कुळिंजन चावून पाहिले, आधी वाचले असूनही.

फजितीही झाली. एका बाजारात मी 'जे' म्हणून विचारले, बाईने मान डोलावली आणि परतलेली पालेभाजी दिली. सासूबाईंनी पहिला घास घेण्याआधीच मला मागे कालवांच्या सॉसची बाटली दिसली. ताट नवऱ्याकडे सरकवले. पताका नसेल, तर मान डोलावण्यावर विसंबू नये, हे पिंपळपार यांच्या सल्ल्याला जोडून लिहून ठेवते.

एक गंमत सांगायलाच हवी. तिथल्या बायका आदर दाखवण्यासाठी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणतात. पहिले दोन दिवस सासूबाईंचा समज असा होता, की प्रत्येक दुकानदारीण आपल्याला आग्रह करते आहे. त्या प्रत्येकीला 'नको गं, पोट भरलंय' असे सांगत होत्या.

त्यांचा सर्वांत आवडता पदार्थ मात्र या धाग्यावर कुणीच सुचवला नव्हता. खनोम क्रोक. बिडाच्या खळग्यांच्या तव्यात तांदळाचे पातळ पीठ ओततात, त्यावर नारळाचा दाट, गोड-खारट रस घालतात आणि झाकण ठेवतात. कडा कुरकुरीत झाल्या, की चमच्याने काढून दोन अर्धे एकमेकांवर लावतात. मधला भाग खरवसासारखा थरथरत असतो. काहींवर मक्याचे दाणे, काहींवर कांद्याची हिरवी पात. सासूबाई त्या गाडीपुढे वीस मिनिटे उभ्या होत्या आणि "हे तर आपलं आप्पेपात्र" असे त्या बाईला मराठीत समजावून सांगत होत्या. बाईने काय ऐकले कोण जाणे, पण तिने शेवटचा घाणा त्यांच्या हातून ओतून घेतला.

मांडवीकाठ

खनोम क्रोक सुचवायचे माझ्याकडून राहूनच गेले, याची चुटपुट लागली. घरी करून पाहिलेत का?

मधली_सुट्टी

@मांडवीकाठ, काल केले. पहिला घाणा तळाला पूर्ण चिकटला, कारण आमचे आप्पेपात्र नॉनस्टिक नसून जुने बिडाचे आहे आणि महिनाभर वापरात नव्हते. दुसरा घाणा तेल लावून, तवा चांगला तापवून केला आणि तो सुटला. नारळाच्या रसात मीठ किती घालायचे, यावर सासूबाईंचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. आज संध्याकाळी तिसरा घाणा आहे.